उत्तर पटलावर आले, पुढे काय?

संसद आणि विधिमंडळ सरकारवर लक्ष कसे ठेवतात, याविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांतून काही निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेक पत्रांत एक शंका समान होती: सभागृहात एवढा गोंधळ दिसतो, मग सरकारला जाब विचारला जातो तो केव्हा? तो विचारला जातो, पण त्याचा मोठा भाग टीव्हीवर दिसत नाही. लेखी उत्तरे, समित्यांचे अहवाल आणि त्यांचा पाठपुरावा यांत तो असतो. म्हणून खालच्या उत्तरांत कागदांचे तपशील जास्त आहेत.

आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही. आमदारांनी तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) टाकला. उत्तर आले, ‘हे खरे नाही, प्रश्न उद्भवत नाही.’ पद तर रिकामेच आहे. शासन असे कसे लिहू शकते? (वाचक, बार्शी)

उत्तर खोटे असेलच असे नाही. अनेकदा प्रश्नाची मांडणीच शासनाला निसटायला वाट देते. आपल्या विधिमंडळात प्रश्न साधारण असा येतो: ‘(१) अमुक येथील प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांची दोन्ही पदे गेल्या चौदा महिन्यांपासून रिक्त आहेत, हे खरे आहे काय, (२) असल्यास, ती भरण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

आता मंत्रालयात हे उत्तर तयार करणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याच्या जागी बसून प्रश्न वाचा. पहिल्या भागात पदांची संख्या, दोन्ही रिक्त असणे आणि चौदा महिने अशा तीन गोष्टी एकाच वाक्यात बांधल्या आहेत. त्यातली एक जरी जुळली नाही तरी ‘हे खरे नाही’ असे लिहायला जागा मिळते. एखाद्या पदाचा अतिरिक्त कार्यभार शेजारच्या केंद्रातल्या डॉक्टरांकडे दिला असेल, तर कागदावर ते पद ‘रिक्त’ राहत नाही. पहिल्या भागाला नकार मिळाला की ‘असल्यास’ने सुरू होणारा दुसरा भाग गळतो, आणि तिसऱ्याला ‘प्रश्न उद्भवत नाही’.

उपाय सोपा आहे. खरे-खोटे विचारण्याऐवजी आकडा मागायचा. मंजूर पदे किती? अमुक तारखेस नियमित नेमणुकीने भरलेली किती? अतिरिक्त कार्यभाराने चाललेली किती, आणि तो कोणत्या आदेशाने? अशा प्रश्नाला ‘हे खरे नाही’ हे उत्तर बसतच नाही. एका भागात एकच गोष्ट ठेवावी. शासन निर्णयाचा उल्लेख करायचा तर क्रमांक आणि तारीख द्यावी. विशेषणे टाळावीत. ‘ढिसाळ कारभार’सारखे शब्द, तर्क आणि आरोप असलेले प्रश्न स्वीकृतीच्या नियमांत अडकतात. न्यायप्रविष्ट बाब, गृहीतकावर बेतलेली विचारणा, सहज उपलब्ध प्रकाशनात असलेली माहिती यांचेही तेच.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उत्तरासाठी माहिती मंत्रालयातून संचालनालयाकडे, तिथून जिल्ह्याकडे, मग तालुक्याकडे मागवली जाते आणि त्याच वाटेने परत वर येते. म्हणजे ज्या कार्यालयाबद्दल तक्रार, त्याच कार्यालयाने लिहिलेला मजकूर मंत्र्यांच्या सहीने सभागृहात येतो. त्यामुळे आमदारांना नुसती तक्रार सांगून भागत नाही. माहिती अधिकारातून मिळवलेली हजेरीपटाची किंवा पदस्थितीची प्रत त्यांच्या हातात हवी. उपप्रश्न विचारताना तीच उपयोगी पडते. ‘हे अंशतः खरे आहे’ असे उत्तर आले तर ते फार मोलाचे समजावे. कोणता अंश खरा आणि कोणता नाही, एवढे विचारले की उरलेले बाहेर येते.

तारांकित प्रश्न अतारांकितापेक्षा वरच्या दर्जाचा असतो का? (वाचक, लातूर)

नाही. तारांकिताला मंत्री सभागृहात उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर मिळते. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. राज्यसभेत हे आकडे १५ आणि १६० आहेत. लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास सकाळी ११ वाजता सुरू होतो. राज्यसभेचा तास २०१४ च्या हिवाळी अधिवेशनापासून दुपारी १२ ला आहे. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते आणि कोणाचा प्रश्न घ्यायचा हे सोडतीने ठरते.

विसातले निम्मे तारांकित प्रश्नही बहुधा तोंडी चर्चेपर्यंत पोहोचत नाहीत. पहिल्या तीन-चार प्रश्नांवरच तास संपतो, आणि गोंधळात सभागृह तहकूब झाले तर तेवढेही होत नाही. उरलेल्यांची लेखी उत्तरे पटलावर, म्हणजे अधिकृतपणे सभागृहापुढे, ठेवली जातात. त्यामुळे जिल्हावार तक्ता, पाच वर्षांची आकडेवारी, योजनेवर झालेला खर्च असे काही हवे असेल तर अतारांकित प्रश्न जास्त कामाचा. मंत्र्यांना धोरणावर उत्तर द्यायला भाग पाडायचे असेल तेव्हा तारांकित. दोन्हींतले उत्तर अधिकृत अभिलेखात जाते आणि त्याची जबाबदारी मंत्र्यांवरच असते. सप्टेंबर २०२० च्या पावसाळी अधिवेशनात कोविडचे कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला आणि फक्त लेखी उत्तरे मिळाली. मंत्र्याला समोरासमोर दुसरा आणि तिसरा प्रश्न विचारण्याची सोय गेली म्हणजे काय होते, हे तेव्हा देशाने पाहिले. आमच्या मते ती मोठी हानी होती.

मंत्र्यांनी सभागृहात चुकीची माहिती दिली हे सिद्ध करता आले तर? (वाचक, अकोला)

सगळे लगेच हक्कभंगाकडे, म्हणजे सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग झाल्याच्या तक्रारीकडे, धावतात. हक्कभंगासाठी सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केली हे दाखवावे लागते आणि हेतू सिद्ध करणे अवघड असते. लोकसभेत त्याआधीची एक पायरी आहे, अध्यक्षांच्या निदेशांतील ११५ वा निदेश. सदस्याने विधानातली नेमकी चूक पुराव्यासह अध्यक्षांना लिहून कळवायची. अध्यक्ष मंत्र्यांकडून खुलासा मागवतात. त्यानंतर अध्यक्षांच्या परवानगीने सदस्य सभागृहात निवेदन करतात आणि मंत्री उत्तर देतात. शिवाय पूर्वी दिलेल्या उत्तरात दुरुस्ती करणारे निवेदन मंत्री स्वतःहूनही करतात. अशी दुरुस्ती बातमीत क्वचितच येते, म्हणून जुने उत्तर वापरण्याआधी ते पुढे दुरुस्त झाले आहे का, हे जरूर पाहावे.

‘तपासून पाहू’, ‘विचाराधीन आहे’ अशी उत्तरे ऐकून कंटाळा आला. त्यांना काही किंमत आहे का? (वाचक, जळगाव)

आहे, आणि ती लोकांना फारशी माहीत नाही. ‘बाब विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा करण्यात येत असून पटलावर ठेवण्यात येईल’, ‘मी यात लक्ष घालीन’ अशा ठरावीक शब्दप्रयोगांना संसदेत आश्वासन मानले जाते. संसदीय कार्य मंत्रालय कामकाजाच्या वृत्तान्तातून अशी वाक्ये वेचून काढते आणि संबंधित मंत्रालयाकडे पाठवते. पूर्ततेची मुदत तीन महिन्यांची. पूर्तता झाली नाही तर मंत्रालयाला मुदतवाढ मागावी लागते किंवा आश्वासन वगळण्याची विनंती करावी लागते, आणि दोन्हींची कारणे आश्वासन समितीपुढे द्यावी लागतात. लोकसभेची ही समिती १९५३ पासून आहे, १५ सदस्यांची. राज्यसभेची १९७२ पासून, १० सदस्यांची. महाराष्ट्र विधिमंडळातही आश्वासन समिती आहे.

तीन महिन्यांची मुदत सर्रास ओलांडली जाते आणि काही आश्वासने वर्षानुवर्षे पडून राहतात. समितीला शिक्षा करता येत नाही, पण सचिवांना समोर बसवून ‘का नाही केले’ असे तिला विचारता येते. तेव्हा तुमच्या प्रश्नाला ‘तपासून पाहू’ असे उत्तर मिळाले, तर प्रश्न क्रमांक आणि तारीख टिपून ठेवा. तीन महिन्यांनी आमदार-खासदारांना समितीकडे लिहायला सांगा.

लक्षवेधी आणि स्थगन प्रस्ताव यांत फरक काय? विरोधकांचा स्थगन प्रस्ताव नेहमी फेटाळलाच का जातो? (वाचक, चंद्रपूर)

लक्षवेधीत तातडीच्या सार्वजनिक प्रश्नावर मंत्री निवेदन करतात आणि सदस्य खुलासे विचारतात. त्यावर मतदान होत नाही. स्थगन प्रस्तावात मात्र सभागृहाचे ठरलेले कामकाज बाजूला ठेवून चर्चा मागितलेली असते. प्रस्ताव मंजूर झाला तर तो सरकारवर ठपका ठरतो आणि सरकार लोकसभेलाच जबाबदार असते, म्हणून राज्यसभेत ही तरतूदच नाही. लोकसभेत परवानगीला हरकत घेतली गेल्यास ५० सदस्यांनी उभे राहून पाठिंबा द्यावा लागतो.

विषय निश्चित, नुकताच घडलेला आणि थेट सरकारच्या जबाबदारीतला असावा लागतो. ‘राज्यातील कायदा व सुव्यवस्था ढासळली’ हा विषय इथे टिकत नाही. अमुक ठाण्याच्या कोठडीत अमुक तारखेला झालेला मृत्यू हा टिकू शकतो. प्रस्ताव फेटाळला गेला तरी सूचनेवर बोलताना विषय सभागृहात निघतो आणि त्या निमित्ताने दुसऱ्या नियमाखाली चर्चा मिळते. विरोधी पक्ष बहुतेक वेळा तेवढ्यासाठीच तो देतात.

महाराष्ट्रात आमदारांचा खरा भर लक्षवेधीवर असतो, कारण स्थानिक विषयावर मंत्र्यांकडून ‘चौकशी करू’, ‘निलंबित करू’ असे हमखास वदवून घेता येते. पण दिवसागणिक लक्षवेधींची संख्या इतकी वाढली आहे की त्यांच्यासाठी सकाळी विशेष बैठका बोलवाव्या लागतात. एका सूचनेच्या वाट्याला पाच-सात मिनिटे आली की मंत्र्यांना अडचणीचा तिसरा उपप्रश्न येतच नाही.

अर्थसंकल्पाला विरोधक कपात सूचना देतात. शंभर रुपयांची कपात म्हणजे थट्टा नाही का? (वाचक, मिरज)

थट्टा नाही. ती रक्कम खूण म्हणून असते. लोकसभेत कपात सूचना तीन प्रकारच्या. धोरणच अमान्य असेल तर खात्याच्या खर्चाची मागणी १ रुपयावर आणण्याची सूचना. खर्च जास्त वाटत असेल तर ठरावीक रकमेने कमी करण्याची. आणि एखादे विशिष्ट गाऱ्हाणे मांडायचे असेल तर १०० रुपयांनी कमी करण्याची. या शेवटच्या सूचनेमुळे त्या खात्यातल्या एकाच बाबीवर, उदाहरणार्थ एखाद्या रखडलेल्या पुलावर, बोलण्याचा हक्क मिळतो. यातली कोणतीही सूचना मंजूर झाली तर सरकारला राजीनाम्याची वेळ येऊ शकते, म्हणून सत्ताधारी पक्ष त्या दिवशी व्हिप, म्हणजे मतदानाचा पक्षादेश, काढतो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ११३ नुसार लोकसभा अनुदानाची मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू शकत नाही. राज्यांसाठी हेच अनुच्छेद २०३ मध्ये आहे. त्यामुळे ‘आमच्या आमदाराने बजेटमध्ये निधी वाढवून आणला’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा तो सरकारने आपल्या हाताने घातलेला असतो.

दुबळी बाजू वेळेची आहे. अर्थसंकल्प मांडल्यावर संसद काही आठवडे सुटीवर जाते आणि त्या काळात खात्यांनुसार नेमलेल्या खासदारांच्या स्थायी समित्या खात्यांच्या मागण्या तपासतात. हे काम चांगले होते. मग सभागृहात मोजक्या खात्यांवर चर्चा होते आणि ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकल्या जातात. यालाच गिलोटीन म्हणतात. मार्च २०१८ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२३ मध्ये तर गोंधळामुळे लोकसभेत एकाही खात्याच्या मागणीवर चर्चा झाली नाही आणि लाखो कोटींचा खर्च मंजूर झाला. याचा दोष गोंधळ घालणाऱ्यांचा आणि त्यावर तोडगा न काढणाऱ्या सरकारचाही. भोगावे लागते ते नागरिकांना.

राज्यात याच्या जोडीला पुरवणी मागण्या असतात. वर्षाच्या सुरुवातीला बजेट मंजूर होते आणि नंतरच्या अधिवेशनांत हजारो कोटींच्या पुरवणी मागण्या येतात. अनपेक्षित खर्चासाठी ही सोय घटनेनेच अनुच्छेद २०५ मध्ये दिली आहे. पण आधीच माहीत असलेला खर्च बजेटमधून वगळून पुरवणीत आणला की मूळ बजेटवरची चर्चा पोकळ होते. पुरवणी मागण्यांचे पुस्तक हाती आले तर प्रत्येक बाबीखालचे स्पष्टीकरण वाचा. नाममात्र रकमेची ‘लाक्षणिक’ मागणी दिसली तर तिथे थांबा. एखादी नवीन योजना किंवा बाब तिच्या आधाराने सुरू होत असते आणि खरा खर्च बचतीतून वळवला जात असतो.

कॅगचा (नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा) अहवाल अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी येतो, बातमी होते आणि विषय संपतो. पुढे त्याचे काय होते? (वाचक, नाशिक)

पुढे तो सरकारी खर्चाचे हिशेब तपासणाऱ्या लोकलेखा समितीकडे जातो. अनुच्छेद १५१ नुसार केंद्राचा लेखापरीक्षा अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेत आणि राज्याचा राज्यपालांमार्फत विधिमंडळात येतो. तो कधी मांडायचा हे प्रत्यक्षात सरकारच्या हातात असते. शेवटच्या दिवशी मांडला की सभागृहात चर्चेला वेळ उरत नाही, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे.

संसदेच्या लोकलेखा समितीत लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ सदस्य असतात. मंत्री सदस्य होऊ शकत नाही. १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे आणि तो आजवर पाळला गेला आहे. समिती अहवालातले सर्वच परिच्छेद घेत नाही, काही निवडते. मंत्रालयाकडून लेखी टिप्पणी मागवते, नंतर सचिवांची साक्ष घेते. इथे मंत्र्यांना बोलावत नाहीत. हिशेबाला जबाबदार प्रशासन असते, म्हणून सचिवच उत्तर देतात, आणि त्या वेळी कॅगचे अधिकारी समितीच्या मदतीला हजर असतात. हे महत्त्वाचे आहे, कारण सचिवांनी आकडा फिरवला तर तो तिथेच तपासला जातो. समितीच्या अहवालानंतर सरकार केलेल्या कार्यवाहीचे उत्तर देते आणि त्यावर समिती दुसरा, कार्यवाही अहवाल काढते. अभ्यासूंनी वाचायचा तो हाच. कोणती शिफारस मान्य झाली, कोणती नाकारली आणि कोणत्या उत्तरावर समिती असमाधानी आहे, हे त्यात प्रकरणवार दिलेले असते.

बिघडते कुठे? समितीची फेरी येईपर्यंत खर्चाला काही वर्षे उलटलेली असतात, सही करणारे अधिकारी बदललेले किंवा निवृत्त झालेले असतात. शिवाय मोठ्या राजकीय प्रकरणात समिती पक्षानुसार फुटते. २०११ मध्ये टू-जी (मोबाइल स्पेक्ट्रम वाटप) प्रकरणावरच्या अहवालाच्या मसुद्यावरून डॉ. मुरली मनोहर जोशी अध्यक्ष असलेल्या समितीत हेच झाले.

महाराष्ट्रात लोकलेखा समितीखेरीज आणखी दोन समित्यांकडे लक्ष ठेवा. पंचायत राज समिती (पीआरसी) जिल्हा परिषदांच्या लेखापरीक्षेतले आक्षेप घेऊन जिल्ह्यात येते. ‘पीआरसी येणार’ म्हटले की जिल्हा परिषदेत रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात, शाळा आणि अंगणवाड्यांची नोंदपत्रके अद्ययावत होतात. दुसरी रोजगार हमी योजना समिती. १९७७ च्या राज्याच्या रोजगार हमी कायद्याची बारकाईने पाहणी करायची म्हणून विधिमंडळाने या विषयाला स्वतंत्र समिती दिली. समिती जिल्ह्यात येते तेव्हा कामाचे ठिकाण, हजेरीपत्रक क्रमांक आणि मजुरी न मिळाल्याच्या तारखा असलेले एक पानी निवेदन द्यावे. वीस पानी गाऱ्हाणे तिथे कुणी वाचू शकत नाही.

सरकारकडे बहुमत आणि वर पक्षांतरबंदी. मग या सगळ्याला अर्थ काय उरतो? (वाचक, पणजी)

मतदानापुरते तुमचे म्हणणे बव्हंशी खरे आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली आणि व्हिपविरुद्ध मत दिल्यास सदस्यत्व जाऊ शकते. अविश्वास ठरावाने सरकार पडणे त्यामुळे आणखी विरळ झाले. त्याआधीही आकडे सहसा सरकारच्या बाजूने असत. पहिला अविश्वास ठराव ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारविरुद्ध आणला आणि तो ६२ विरुद्ध ३४७ असा फेटाळला गेला. जुलै १९७९ मध्ये यशवंतराव चव्हाणांनी मोरारजी देसाईंच्या सरकारविरुद्ध ठराव मांडला, तेव्हा मात्र मतदानाची वेळच आली नाही. पक्ष फुटला आणि मोरारजींनी आधीच राजीनामा दिला.

पण दहाव्या अनुसूचीची बंदी मतदानावर आहे, प्रश्न विचारण्यावर नाही. सत्ताधारी बाकावरचा सदस्यही आपल्या सरकारला हवा तो प्रश्न विचारू शकतो. याचे सर्वात मोठे उदाहरण मुंदडा प्रकरण. आयुर्विमा महामंडळाने १९५७ मध्ये हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाखांचे शेअर घेतले. त्या सप्टेंबरात लोकसभेत विचारलेल्या प्रश्नाला मोघम उत्तर मिळाले. फिरोज गांधी काँग्रेसचेच खासदार आणि पंतप्रधानांचे जावई. ते विषय सोडायला तयार नव्हते. डिसेंबरात त्यांनी तारखा आणि बाजारभाव मांडून सभागृहात अर्थ मंत्रालयाला घेरले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा आयोग नेमला गेला, त्याची सुनावणी मुंबईत जाहीरपणे झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. काँग्रेसचे बहुमत त्या सबंध काळात भक्कम होते.

दुसरी मोकळी जागा म्हणजे समित्या. स्थायी समितीत व्हिप चालत नाही आणि बैठक बंद दाराआड असते, त्यामुळे सत्ताधारी सदस्यही सचिवांना कठोर प्रश्न विचारतात. संसदेत अशा २४ समित्या आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य. १९९३ मध्ये १७ समित्यांनी सुरुवात झाली आणि २००४ मध्ये त्या २४ झाल्या. मात्र विधेयक समितीकडे पाठवायचे की नाही, हे प्रत्यक्षात सरकार ठरवते. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांवर आले. सरकारवरची देखरेख किती सैल पडली हे मोजायचे असेल, तर गोंधळात वाया गेलेल्या तासांपेक्षा हा आकडा पाहावा.

समितीने काय बदलते याचे ताजे उदाहरण महाराष्ट्रातले आहे. विशेष जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेले आणि १२ हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या मसुद्यात तपास पोलीस उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आला आणि सल्लागार मंडळाची रचना बदलली. व्याख्यांच्या व्यापकतेवरचे मुख्य आक्षेप तसेच राहिले. म्हणजे समितीपुढे कार्यपद्धतीत बदल मिळवता येतो, विधेयकाचा गाभा सरकार सहसा सोडत नाही.

विरोधी पक्षनेताच नसेल तर समित्या चालतात का? (वाचक, ठाणे)

चालतात. लोकसभेत २०१४ ते २०२४ विरोधी पक्षनेता नव्हता, तरी लोकलेखा समितीचे अध्यक्ष विरोधी काँग्रेसचेच होते. एकूण जागांच्या दशांश संख्याबळ हवे हा संकेत आहे, आणि नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत महाराष्ट्रात एकाही विरोधी पक्षाला २८८ चा दशांश म्हणजे २९ जागा मिळाल्या नाहीत. तोटा इतरत्र होतो. महत्त्वाच्या पदांवरच्या नेमणुका ठरवणाऱ्या निवड समित्यांवरची विरोधकांची खुर्ची रिकामी राहते किंवा दुसऱ्याकडे जाते, आणि सभागृहात विरोधी बाकांच्या वतीने कुणी, केव्हा बोलायचे याला एक ठरलेला माणूस राहत नाही.

मी बरीच वर्षे लंडनमध्ये आहे. इथे पंतप्रधानांना दर बुधवारी प्रश्न विचारतात. भारतात असे का नाही? (वाचक, लंडन)

भारतातही लोकसभेत पंतप्रधानांकडच्या खात्यांचे प्रश्न बुधवारीच येतात, पण ते त्या खात्यांपुरते असतात आणि बहुधा राज्यमंत्री उत्तर देतात. तुमच्याकडचा बुधवारचा अर्धा तास १९९७ पासून आहे, त्याआधी आठवड्यातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटे असत. त्यात पंतप्रधानांना कोणताही विषय आयत्या वेळी विचारता येतो. पण त्या अर्ध्या तासापेक्षा भारताने घ्यावे असे तुमच्याकडे दुसरेच आहे. ब्रिटनमधल्या खातेनिहाय समित्या १९७९ पासून आहेत. त्यांचे बहुतेक अध्यक्ष २०१० पासून खासदार गुप्त मतदानाने निवडतात, पक्षाचे प्रतोद नेमत नाहीत. साक्षी जाहीर होतात आणि मंत्रीही समोर येऊन बसतात. भारतात समितीची बैठक खासगी असते. त्याने सदस्यांना मोकळेपणा मिळतो हे वर म्हटलेच आहे, पण सचिवांनी काय सांगितले हे लोकांना अहवाल येईपर्यंत कळत नाही. निदान तज्ज्ञांच्या आणि संस्थांच्या साक्षी तरी खुल्या कराव्यात, असे आमचे मत आहे.

सामान्य नागरिकाने संसदेच्या समितीपर्यंत आपले म्हणणे कसे पोहोचवावे? (वाचक, परभणी)

दोन वाटा आहेत. पहिली याचिकेची. लोकसभा आणि राज्यसभा दोन्हींच्या याचिका समित्या आहेत. याचिका सभागृहाला उद्देशून असावी आणि शेवटी नेमकी मागणी असावी. सह्या करणाऱ्यांची नावे-पत्ते हवेत आणि खासदारामार्फत सादर करायची असल्यास त्यांची प्रतिस्वाक्षरी हवी. मराठीत लिहिल्यास हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद सोबत जोडावा. न्यायालयात असलेला विषय, राज्य सरकारच्या अखत्यारीतली बाब किंवा वैयक्तिक गाऱ्हाणे घेतले जात नाही. सातबाऱ्यावरची नोंद हा तिथला विषय नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या भूसंपादनात शेकडो खातेदारांना एकाच चुकीमुळे कमी मोबदला मिळाला, हा होऊ शकतो.

दुसरी वाट विधेयकावरच्या निवेदनाची. समिती वृत्तपत्रांत आणि संसदेच्या संकेतस्थळावर सूचना मागवते आणि मुदत साधारण दोन आठवड्यांची असते, म्हणून जाहिरात दिसताच कामाला लागावे. निवेदनात विधेयकाच्या खंडाचा क्रमांक, सध्याचा मजकूर, तुम्ही सुचवलेला पर्यायी मजकूर आणि कारण, या क्रमाने लिहा. कारणात प्रत्यक्ष अनुभवातले एक उदाहरण तारखेसह द्या. ‘हा कायदा जनविरोधी आहे’ एवढेच लिहिलेल्या हजारो पत्रांची नोंद एका ओळीत होते. पर्यायी शब्द दिलेले निवेदन मात्र खंडवार चर्चेच्या कागदांत जोडले जाते. साक्ष द्यायची इच्छा असेल तर तसे पहिल्याच पानावर स्पष्ट लिहा. आणि निवेदन पाठवल्यावर ते समितीच्या अभिलेखाचा भाग होते व गोपनीय मानले जाते, त्यामुळे समितीचा अहवाल येण्याआधी ते वृत्तपत्रांना किंवा समाजमाध्यमांवर देऊ नका.